मी टपालखातं नाही

४ जून

अहो,

मायना मुद्दाम लिहिला नाही. 'तीर्थस्वरूप' लिहावं इतका आदर सध्या माझ्यापाशी शिल्लक नाही, आणि 'प्रिय' लिहिलं तर तुम्ही म्हणाल, विमानात बसली आणि बाईला नाटकं सुचायला लागली. म्हणून नुसतं अहो. या हाकेला तुम्ही आजवर ओ देत आलाय, पेपरातून डोकं वर न काढता का होईना.

फोन तुम्ही उचलत नाही. नका उचलू. पण पत्र वाचणार हे मला ठाऊक आहे, कारण वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तुम्ही उलटसुलट वाचल्याशिवाय टाकत नाही.

पोचले. सुखरूप आहे. राहायला एका सुताराचं घर दिलंय. पुढे त्याचं दुकान, मागे स्वयंपाकघर, वर माझी खोली. दिवसभर खालून करवतीचा आवाज आणि सरसाचा वास येतो. उशी झटकली तरी भुसा पडतो. घरात सुतार आणि त्याची बायको, दोघंच. तो बोलत नाही आणि ती थांबत नाही. इथली भाषा मला अजून मोडकीतोडकीच येते, पण भांडणापुरती येते.

शेजारी तुम्ही काय सांगितलंय कोण जाणे. 'समाजसेवेचं खूळ' असंच सांगितलं असेल. खरं कारण तुम्हाला माहीत आहे, तरी लिहून ठेवते. लेकीनं नवरा सोडला याचा तुम्हाला राग नव्हताच. ती आपल्याकडे न येता चार गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहिली, याचा आला. तेव्हापासून तुमचं, 'तिला विचार, दाराला कडी नीट लागते का.' तिचं, 'बाबांना सांग, बीपी तपासून घ्या.' दोघांची तोंडं शाबूत आणि जीभ माझी झिजतेय. म्हणून म्हटलं होतं, टपालखातं बंद, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलेपर्यंत मी या घरात नाही. तुम्हाला वाटलं, चार दिवस माहेरी जाऊन येईल. माहेर आता उरलंय कुठे? शिवण शिकवायला बाई हवी अशी जाहिरात दिसली आणि मी निघाले.

गोळ्या डब्याच्या डाव्या कप्प्यात आहेत. हा निरोप नव्हे, माहिती आहे.

— मी


१९ जून

अहो,

शिवणकेंद्रात बायका शिकायला उत्साहानं येतात, पण मशिनी म्हणजे निव्वळ भंगार आहे. देणगी म्हणून आलेल्या, प्रत्येक वेगळ्या घराण्यातली. एकीचा पट्टा सैल, एकीची सुई वाकडी, आणि कापायचं मोठं टेबल एका पायानं लंगडं. त्यावर कापड पसरलं की कात्री आपोआप उताराला लागते. सेक्रेटरीला सांगितलं. हो म्हणाला. परत सांगितलं, परत हो म्हणाला. इतका गोड माणूस आणि इतका बिनकामाचा मी आपल्या नात्यातसुद्धा पाहिला नाही, आणि आपलं नातं तुम्हाला माहीत आहे.

पण खरा वैताग घरी आहे. सुतारीणबाई मला कशाला म्हणून हात लावू देत नाही. चहा पिऊन कप विसळायला उठले की हातातून कप काढून घेते. कपडे धुवायला भिजवले तर माझ्या आधी पिळून दोरीवर. केर काढायला गेले तर केरसुणी लपवून ठेवली, खरंच सांगते, कपाटामागे. 'तुम्ही पाहुण्या,' एवढंच म्हणते. मी म्हटलं, बाई, पाहुणी दोन दिवसांची असते, मी वर्षभर राहणार आहे. हसली आणि दुसरा कप भरला. जिनं जन्मभर सगळ्यांची उष्टी काढली तिला नुसतं बसवून ठेवणं म्हणजे काय शिक्षा असते, तुम्हाला कळायचं नाही. तुम्हाला ती मोफत मिळत आली आहे.

आणि डबा! चार कप्प्यांचा, पितळी, आपल्या पाण्याच्या कळशीला भारी पडेल असा. काठोकाठ भरून देते. केंद्र चढावर आहे आणि माझा उजवा खांदा कसा आहे ते तुम्ही विसरला नसाल. रोज सांगते, कमी द्या. ती मान डोलावते आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच. पालथ्या घड्यावर पाणी.

— मी


८ जुलै

अहो,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी टपालवाला गल्लीत शिरला की मी जिन्यात येते, याचा मला स्वतःचाच राग येतो.

डब्याचं ऐका. एवढं मी कुठे खाणार, म्हणून केंद्रात जेवताना मध्ये ठेवते, ज्याला हवं त्यानं घ्यावं. तर तिथे एक कटिंग करणारी मुलगी आहे, आपल्या लेकीच्याच वयाची. कापडाचे थर लावून एकदम कापते. हात असा सरळ की मलाही जमायचं नाही. पण स्वभाव? रामा! ती येते, कोणाला न विचारता तिसरा कप्पा काढून घेते, खिडकीशी जाऊन पाठ करून खाते, धुऊन परत लावते. तिसऱ्यात कायम ते आंबट काहीतरी असतं, जे मी जिभेला लावत नाही, हे खरं. पण म्हणून 'घेऊ का' एवढं विचारायचं नाही? 'छान होतं' म्हणायचं नाही? मी एकदा मुद्दाम म्हटलं, आवडलं वाटतं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच ओशाळले.

घरी येऊन सुतारीणबाईला सांगितलं की तुमचा तिसरा कप्पा तिकडची एक फुकटी संपवते. वाटलं, चिडेल, निदान डबा तरी हलका होईल. तर ही कणीक मळायची थांबली आणि विचारते, सगळं संपवते का? आज मीठ कमी पडलं होतं, काही म्हणाली का? बारीक झालीय का हो ती? मी म्हटलं, मला काय माहीत, मी काही तिला वजनकाट्यावर उभी केली नाही. स्वतःच्या हातच्या चवीचं काय हे कौतुक! बायकांना चांगलं म्हणणारं कोणी भेटलं नाही की अशा होतात. मी नाही का, तुम्ही एकदा भाजी परत मागितलीत तर आठवडाभर तीच करत होते.

खांदा दुखतोच आहे.

— मी


२३ जुलै

अहो,

जिंकले. बाजारातून एक छोटा डबा आणला, एका कप्प्याचा, तळहाताएवढा. सकाळी सुतारीणबाईसमोर ठेवला आणि ठणकावून सांगितलं, यात मावेल तेवढंच नेणार, मोठा डबा उचलणार नाही, डॉक्टरनं मनाई केलीय. डॉक्टरकडे मी गेलेले नाही, पण ते तिला कुठे माहीत.

तिनं मोठा डबा रिकामा केला, पुसला, वरच्या फळीवर ठेवून दिला. छोट्यात मला भात-भाजी दिली. सुतार दारात उभा होता, कानावर पेन्सिल. त्यानं बायकोकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि रंधा मारायला गेला.

आता मला आनंद व्हायला हवा की नाही? खांदा हलका आहे. पण घर असं गप्प झालंय की पाणी प्यायलाही चोरट्यासारखं वाटतं. ती बडबडी बाई आता मोजून बोलते. कप मात्र अजून विसळू देत नाही. मी काय केलं म्हणून हे रुसणं? डब्यावरून कोणी एवढं रुसतं का?

— मी


५ ऑगस्ट

अहो,

मला कळलं. आणि एवढा संताप आलाय की पेन दोनदा ठेवून परत घेतलं.

मोठा डबा बंद झाल्यापासून ती कटिंगवाली जेवायला आमच्यात येईना. मागच्या पायरीवर कोरडा पाव चावत बसायची. मला वाटलं, फुकटचं बंद झालं म्हणून फुरंगटली. शेवटी सेक्रेटरीच माझ्याकडे आला. आल्यापासून पहिल्यांदा हा माणूस 'हो' सोडून काहीतरी बोलला. म्हणाला, "बाई, तुम्ही मोठा डबा का बंद केलात? ती त्या सुताराची मुलगी आहे."

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं? तर म्हणतो कसा, "सांगायची वेळच आली नाही. तुमच्या आधीच्या पाहुण्यांनीही नेला, त्यांच्या आधीच्यांनीही. सगळ्या मुकाट नेत होत्या. कमी द्या म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

ती बापाच्या हाताखाली सुतारकाम शिकली. चांगली तयार झाली. आणि एक दिवस गिऱ्हाइकासमोर म्हणाली, बाबा, तुमचं माप चुकलंय. चुकलंच होतं. दार चौकटीत बसेना. तेच तर दुखणं. तो म्हणाला, मग तूच शहाणी, इथे तुझं काम नाही. ती खरंच गेली. मग यानं घरात सांगून टाकलं, ती पाय धरायला येत नाही तोवर या घरातलं कोणीही तिच्याकडे जायचं नाही.

संध्याकाळी मी सुतारीणबाईला धरलं. म्हटलं, मला फसवलंत. ती शांतपणे म्हणाली, "फसवलं नाही. त्यांनी घरातल्यांनी जायचं नाही असं सांगितलंय. मी त्यांचा शब्द मोडत नाही. तुम्ही पाहुण्या, तुम्हाला कोण अडवणार? म्हणून तर कप विसळू देत नाही. कप विसळलात की घरच्या झालात."

आता कळलं, केरसुणी का लपवली होती ती? मला वाटलं, माझा मान. मान कसला, मी त्यांची पळवाट होते. तुमच्या दोघांच्या मधून उठून, समुद्र ओलांडून, इतक्या लांब आले आणि इथे उतरल्या दिवसापासून हातात पितळी टपाल! घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण ही चूल माझ्या पाठीवर बांधून पाठवलीय की काय असं वाटायला लागलंय.

तिला फुकटी म्हटलं मी. ती आईच्या हातचं खात होती. परक्या बाईनं विचारलं 'आवडलं वाटतं', तर काय सांगणार होती ती?

मी रडले वगैरे नाही. सरसाच्या वासानं डोळे चुरचुरतात.

— मी


१६ ऑगस्ट

अहो,

मी स्वतः मोठा डबा फळीवरून काढला आणि तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, भरा. तर आता ती तयार नाही! म्हणे, नको, तुमचा खांदा दुखतो, डॉक्टरनं मनाई केलीय. माझंच खोटं माझ्या तोंडावर. खूप विनवलं. ती भांडी घासत राहिली. मनातून तुटलीच होती बाई, की आता आपलं चोरून खाऊ घालणंसुद्धा उघड्यावर आलं.

काल दुकानावरून वर जात होते तर सुतारानं हाक मारली. आल्यापासून पहिली हाक. हातात तोच मोठा डबा. त्याच्या कडीला त्यानं लाकडी मूठ बसवली होती, घासून गुळगुळीत केलेली, बोटांच्या खाचांसकट. म्हणाला, "कडी हाताला रुतत असेल. आता जड लागणार नाही."

म्हणजे यालाही माहीत होतं. पहिल्यापासून. रोज सकाळी डबा भरताना रंध्याचा आवाज बंद व्हायचा तो उगाच नव्हे. बायको नवऱ्याचा शब्द मोडत नाही, नवरा बायकोला पकडत नाही, मुलगी पाठ करून खाते, आणि सगळ्यांचा अभिमान नीट घडी घालून कपाटात. फक्त वाहणारं गाढव बाहेरून आणायचं.

मूठ इतकी सुंदर केली होती की क्षणभर मी विरघळले. घेतलाच असता मी डबा. घेणं सोपं होतं, आणि पोरगी पायरीवर कोरडा पाव चावतेय हेही डोळ्यांसमोर होतं. पण मग तुमची दोघांची आठवण झाली. वाहणारं कोणी असलं की माणसं आयुष्यभर बोलत नाहीत, हे मी नाही तर कोण जाणणार?

मी सरळ आत गेले. माझा सकाळचा कप ओट्यावर होता. सुतारीणबाई धावली, पण मी नळ सोडला आणि कप विसळला. तिचाही विसळला. त्याचाही. पुसून फडताळात लावले. मग दारात येऊन त्याला म्हटलं, "आता मी घरची झाले. घरच्यांनी तिकडे जायचं नाही असा तुमचाच शब्द आहे ना? मग डबा कोण नेणार ते तुम्ही बघा."

तो पांढराफटक पडला. ती तिथेच स्टुलावर बसली आणि पदर नसलेल्या बाया करतात तसं ॲप्रनमध्ये तोंड खुपसलं. मी वर जाऊन कडी लावली. आपण बरोबर केलं की त्या पोरीच्या तोंडचा घास कायमचा काढला, मला कळत नाही. तुम्ही असतात तर विचारलं असतं. तुम्ही उत्तर दिलं नसतं, तरी विचारलं असतं.

— मी


६ सप्टेंबर

अहो,

मोठा डबा परत रोज सकाळी भरून टेबलावर, न्यायला कोणी नाही. संध्याकाळी तसाच. सुतारीणबाई तेच अन्न रात्री वाढायची आणि आम्ही तिघं ते आंबट काहीतरी गिळायचो. मला तर आता त्याची सवयही झाली. दोनदा माझाच धीर सुटला, हात मुठीपर्यंत गेला आणि मागे घेतला. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, असला हा माणूस. तुमचाच भाऊ कुठल्यातरी जन्मीचा.

मग एक दिवस दुपारी केंद्राच्या हॉलच्या खिडकीतून पाहते तर फाटकाशी सुतार. हातात डबा. आत येत नाही, परतही जात नाही. फाटकाची बिजागरी हलवून बघतोय, जसा काही त्यासाठीच आलाय. मी कटिंगवालीला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर परत टपालच. पण हॉलमधल्या बायका हळूहळू मशीन थांबवत गेल्या, आणि आवाज थांबला तशी तिनं मान वर केली.

ती गेली. डबा घेतला. पाय धरले नाहीत. मला काही ऐकू आलं नाही, दोघं बोलली असतील तर दोन-चार शब्द. ती मुठीवरून बोटं फिरवत होती एवढं दिसलं.

दुसऱ्या दिवशी परत फाटकाशी. तिसऱ्या दिवशी मात्र ती त्याला आत घेऊन आली आणि ते लंगडं टेबल दाखवलं. तो खाली वाकला, कानावरची पेन्सिल काढली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, पेन्सिल तिच्यापुढे धरली. "माप तू घे," म्हणाला. तिनं माप घेतलं, खूण केली. त्यानं पुन्हा न तपासता त्या खुणेवर करवत चालवली. पाय बसला. आम्ही सगळ्या उगाच सुया ओवत होतो, एकीच्याही नेढ्यात दोरा जाईना.

घरी सुतारीणबाईला काही सांगावं लागलं नाही. तोच म्हणाला, मीठ बरोबर होतं म्हणतेय. तो स्वतः निरोप सांगतोय हे बघून मला इतकं बरं वाटलं आणि लगेच तुमचा इतका राग आला. तो करू शकतो, तर तुम्हाला काय झालंय?

— मी


२८ सप्टेंबर

अहो,

टपालवाला आला. पत्र तुमचं नव्हतं, लेकीचं होतं. त्यातल्या ओळी जशाच्या तशा उतरवते:

'बाबा आले होते. तुझी सगळी पत्रं पिशवीत घालून. म्हणाले, तुझ्या आईचं अक्षर मला लागत नाही, तू वाच. चपला काढल्या होत्या. मी चहा ठेवते म्हटलं तर परत घातल्या आणि गेले. आई, त्यांनी सगळी वाचली आहेत. तू जिथे रडले नाही म्हणतेस ना, तिथे कागद दुमडून दुमडून मऊ झालाय.'

अक्षर लागत नाही! वाण्याच्या पुडीवरचं पुसट छापील वाचणाऱ्याला! म्हणजे इतकं करून मी तुमचं टपालच. इथे एक डबा हातातून सोडला, तर तिकडे माझ्याच पत्रांचा डबा करून तुम्ही लेकीच्या दारात नेलात. हसावं की रडावं कळेना. आधी हसले. मग दुसरंही केलं, सरस वगैरे काही नव्हता, दुकान आज बंद आहे.

पण तुम्ही गेलात. चार गल्ल्या चालून गेलात. मला वाटलं नव्हतं.

आता नीट ऐका. हे तुमच्या पत्त्यावरचं शेवटचं पत्र. यापुढची सगळी तिच्या पत्त्यावर येतील. अक्षर लागत नाही ना तुम्हाला, मग तिच्याकडून वाचून घ्या. मी चांगली लांबलचक लिहिणार आहे, उभ्यानं ऐकून व्हायची नाहीत, तेव्हा चपला काढायच्या आणि आत जाऊन बसायचं. ती चहा करेल. तो प्यायचा.

आणि उठताना कप तुमचा तुम्ही विसळायचा.

— मी